विषय: पालुडेरियमच्या ट्रेमधील दोष आणि ग्राहक सेवेकडून मिळालेली उत्तरे

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आपल्या प्रतिनिधीने आज दुपारी माझा फोन मध्येच ठेवला, म्हणून हे पत्र. यापुढे मला लेखी उत्तर हवे.

आपल्या पालुडेरियमच्या, म्हणजे खाली पाणी आणि वर ट्रेमध्ये माती व झाडे असलेल्या पेटीच्या, काचेवर पाण्याच्या पातळीची रेघ आहे आणि ती मातीच्या ट्रेच्या तळापेक्षा दोन सेंटिमीटर वर आहे. सूचनापत्रकाप्रमाणे पाणी भरले की माती खालून कायम पाण्यात राहते, आणि त्याच मातीत आपण पेपेरोमिया कॅपेराटा लावून पाठवता. ब्राझीलमधले हे छोटे झाड दमट हवेत उत्तम वाढते. परंतु पाने आणि देठ मांसल असल्याने ते पाणी स्वतःत साठवते, आणि त्याच्या बारीक, उथळ मुळांना हवा मिळाली नाही तर ती कुजतात. ते नागवेलीच्याच कुळातले आहे, आणि रामटेककडचा पानमळेवाला वेलाच्या बुडाशी कधी पाणी साचू देत नाही. हे मी आपल्याला सांगावे लागावे, याचे मला खरोखर वाईट वाटते.

झाडाचा बुंधा काळा पडला, पान नुसते धरले तरी देठासकट हातात आले आणि मूठभर माती दाबताच बोटांतून पाणी गळले. काचेला पट्टी लावून काढलेली छायाचित्रे मी पाठवली. त्यावर प्रतिनिधी म्हणाले, "मॅडम, ट्रॉपिकल झाड आहे, पाणी कमी पडलं असेल, वाढवून बघा." मी रेघेबद्दल विचारले, तर म्हणाले, "नागपूरचं ऊनच तसं आहे ना." पेटी खिडकीपासून दूर, दिव्याखाली आहे, असे सांगितल्यावर उत्तर आले, "झाड वॉरंटीत येत नाही," आणि माझे वाक्य पूर्ण होण्याआधी फोन बंद झाला. उन्हाने करपलेले पान कोरडे होते, लिबलिबीत नाही. छायाचित्रे कोणी उघडून पाहिली असती, तर उन्हाचे नाव निघाले नसते.

मी झाड बदलून मागितलेलेच नाही. वाचलेल्या पानांचे देठ मी ओल्या शेवाळात खोचले आहेत, त्यांना मुळे फुटू शकतात. पण त्या रोपांना याच ट्रेमध्ये लावणे म्हणजे पुन्हा कुजवणे, कारण पुन्हा सांगते, रेघ तळाच्या वर आहे. तळ पाण्याच्या वर राहील असा ट्रे द्या, अन्यथा पूर्ण रक्कम परत करा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार इथे नागपुरातच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आपल्या नावावर विश्वास ठेवून हीच पेटी मी मैत्रिणीलाही घ्यायला लावली होती. तिच्याही ट्रेची हीच अवस्था आहे.

एक ग्राहक, नागपूर