सही करण्याआधी

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास, त्यानंतर मी बराच वेळ सोप्यात अंधारात बसून होतो. आई म्हणाली, "दमून आलेल्या लेकीशी असं बोलतात का?" बोलत नाहीत, हे मलाही कळतं. "तोंडाला कुलूप लावायला शिकवलं होतं का तुला?" हे वाक्य मी मागे घेतो. पण मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून लिहायला बसलो. फोनवर माझा आवाज चढतो.

तू एवढंच सांगितलंस की तुमच्या यानाच्या सीलच्या चाचणीत एका नगाचं रीडिंग बाकीच्यांपेक्षा वेगळं आलं. साहेब म्हणाले, मर्यादेत आहे, पुढे चला. तुला पुन्हा एकदा चाचणी घ्यावी असं वाटत होतं, पण आपण नवीन, म्हणून गप्प बसलीस आणि सही केलीस. असेलही मर्यादेत. तुमच्या साहेबांना माझ्यापेक्षा हजारपट जास्त कळतं. रीडिंगचं मी काही बोलत नाही. माझ्या डोक्यातून ती सही जात नाही.

तुला आठवतं का, तू चौथीत होतीस. १ फेब्रुवारी २००३, शनिवार. मला रात्री बाराची पाळी होती, म्हणून मी घरीच होतो. संध्याकाळी साडेसात-आठच्या सुमारास टीव्हीवर ते निळं आकाश आणि त्यात फुटत जाणाऱ्या पांढऱ्या रेघा दाखवायला लागले. कल्पना चावलाचा फोटो तू पेपरातून कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होतास. तू जेवली नाहीस. मी कामावर निघालो तेव्हा कपाटाचं दार उघडून त्याच्यासमोर बसली होतीस. मला म्हणालीस, "बाबा, त्यांना माहीत नव्हतं का?"

मी म्हणालो, नसेल बाळा. मला तरी तेव्हा कुठे काय ठाऊक होतं.

आता रिटायर झाल्यावर दुपारी तू दिलेल्या टॅबवर हेच वाचत असतो. जिथं इंग्रजी अडतं तिथं समोरचे सर समजावून देतात. कल्पनाच्या त्या कोलंबिया यानाच्या बाबतीत माहीत असलेले लोक होते, मुग्धा. १६ जानेवारीला यान उडालं, त्यानंतर ऐंशी-एक सेकंदांत बाहेरच्या टाकीवरच्या फोमचा एक तुकडा निसटला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन किलोभरसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी फिल्म बघताना इंजिनिअर लोकांना तो दिसला. पंखाचे फोटो उपग्रहाकडून किंवा दुर्बिणीतून काढून घ्या, असं त्यांनी मागितलं. एकदा नाही, दोन-तीनदा मागितलं. वरून नकार आला. का, तर फोम नेहमीच पडतो. आधीच्या कितीतरी खेपांत पडला होता आणि यान सुखरूप परत आलं होतं. यान सोळा दिवस वर फिरत होतं, सात माणसं आत काम करत होती, आणि पंखाला भोक होतं. उतरायला सोळा मिनिटं राहिली असताना तप्त हवा त्या भोकातून आत शिरून पंख गेला. पुढे जुलैत चाचणीसाठी तसाच फोमचा तुकडा तशाच पंखावर त्याच वेगानं मारला, तर सव्वा फुटाहून मोठं भगदाड पडलं. बघणारे लोक अवाक झाले म्हणे.

"नेहमीच पडतो." हे दोन शब्द वाचले आणि मी टॅब बाजूला ठेवला.

त्याआधीच्या चॅलेंजर यानाचं तू मला सांगितलं होतंस, इंजिनिअरिंगला असताना, सुट्टीत आली होतीस तेव्हा. २८ जानेवारी १९८६, उडाल्यावर ७३ सेकंदांत सगळं संपलं. बूस्टरच्या, म्हणजे यानाला वर रेटणाऱ्या बाजूच्या रॉकेटच्या, सांध्यातली ती रबराची रिंग मला काही केल्या डोळ्यांपुढे येईना. सात मिलिमीटर जाडीची आणि जवळजवळ ३७ फूट घेराची गॅस्केट! मग तू स्वयंपाकघरातून आईच्या कुकरची रिंग आणलीस. ती ढिली झाली की आई फ्रीजरमध्ये टाकते, तेव्हाही तिथंच होती. तू ती माझ्या हातात दिलीस, म्हणालीस, दाबा. मी दाबली. दबलेला भाग लगेच वर आला नाही, चेपलेलाच राहिला. तू म्हणालीस, "बाबा, बूस्टर पेटल्यावर सांधा जरासा उघडतो, आणि रबरानं त्याच क्षणी फुगून ती फट भरायची असते. गारठलेल्या रबराला ते जमलं नाही." आयुष्यभर गॅस्केट बदलणाऱ्या माणसाला त्याच्या लेकीनं गॅस्केट समजावून दिली. मी त्या दिवशी काही बोललो नाही, पण कारखान्यात जाऊन सगळ्यांना सांगितलं होतं.

उड्डाणाच्या आदल्या रात्रीचं मात्र मी नंतर वाचलं. बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअर लोकांनी आदल्या संध्याकाळी फोनवरच्या बैठकीत सांगितलं होतं की १२ अंशांच्या खाली उडवू नका. सकाळी तिथं दोन अंश होते, तळावर बर्फाचे सुळे लोंबत होते. आधीच्या वर्षी बारा अंशांना उडालेल्या यानाच्या रिंगा त्यांनी बघितल्या होत्या, मधलं ग्रीस काळंठिक्कर झालेलं होतं. तरी साहेब लोकांनी बाजूला जाऊन आपसात चर्चा केली आणि निर्णय फिरवला. ॲलन मॅकडोनाल्ड म्हणून कंपनीचा माणूस उड्डाणतळावर होता. संमतीच्या कागदावर सही करायची ती त्यानं. त्यानं केली नाही. मग सही कंपनीच्या युटातल्या साहेबांकडून मागवली, फॅक्सनं आली.

पुढे चौकशीत त्यानं खरं सांगितलं तेव्हा कंपनीनं त्याला खाली ओढलं. आणि नंतर तेच सांधे नव्यानं बनवायची वेळ आली तेव्हा काम त्याच्याकडेच दिलं. हे तुला मुद्दाम सांगतो. सही न करणाऱ्याचं वाटोळंच होतं असं नाही.

बघ, पुन्हा भाषण सुरू झालं. लिहायला बसताना आईला शब्द दिला होता की उपदेश करणार नाही. रागावू नकोस. तुझं कौतुक करायला मला जमत नाही, ते दादाला जमतं. तुझा पहिला पगार झाला तेव्हा तू पाठवलेला स्वेटर मी मे महिन्यात घातला होता, हे तुला आत्यानं सांगितलंच असेल.

पण एक माणूस राहिला. बॉब एबलिंग. त्याच कंपनीत इंजिनिअर. तो बोलला होता, आकडे गोळा करून दिले होते, आदल्या रात्री बायकोला सांगून झोपला की यान फुटणार. सकाळी गाडीनं कामावर जाताना त्याची मुलगी शेजारी बसलेली, आणि हा डॅशबोर्डवर मुठी आपटतोय. तीस वर्षांनी, २०१६ मध्ये, मरायच्या दोनेक महिने आधी त्यानं रेडिओवर सांगितलं की ते ओझं अजून उतरलेलं नाही.

तो बोललेला माणूस, मुग्धा. मी बोललो नव्हतो.

हे तुला कधी सांगितलं नाही. तू तीन वर्षांची होतीस, १९९८ चा हंगाम. बॉयलरवरून मिलकडे जाणाऱ्या मेन स्टीम लाईनच्या एका फ्लँजमधून, म्हणजे पाइपांच्या सांध्यातून, वाफ निघायची. आधी बारीक शिट्टीसारखी, मग फुसफुस. आम्ही त्यावर पोतं गुंडाळलं. मी इन्चार्जना सांगितलं, ते म्हणाले गव्हाणीत ऊस पडलाय, आता गाळप थांबवलं तर वर काय सांगू? सीझन संपला की बदलू. वाफ काय, निघतच असते. मीही तेच म्हणायला लागलो. रोज पाळी संपताना लॉगबुकात रकाना असायचा, "लाईन तपासली". त्यापुढे "ठीक" लिहायचं आणि सही करायची. मी वीस-बावीस रात्री "ठीक" लिहिलं.

एका पहाटे गॅस्केट फुटली. २१ किलोचं प्रेशर. एक हेल्पर तेलाचा डबा घेऊन तिथून चालला होता. वाफ दिसत नाही, फक्त आवाज येतो, आणि तो आवाज मला अजून कुकरच्या शिट्टीत ऐकू येतो. त्याचा डावा हात आणि मान. मी आणि फायरमननं त्याला ओढून बाहेर घेतलं, तेव्हा हाताची कातडी माझ्या मुठीत आली.

चौकशी झाली. लॉगबुक काढलं. रोज लाईन ठीक होती, माझी सही होती. म्हणजे लाईनचा दोष नाही, म्हणजे हेल्परच नको तिथून गेला. त्याला भरपाई निम्मीसुद्धा मिळाली नाही. मी तिथं उभा होतो. तेव्हाही बोललो नाही, कारण तू तीन वर्षांची होतीस आणि दादाची फी भरायची होती. गाळप त्या दिवशी तसंही अकरा तास बंदच राहिलं.

दर दिवाळीला आपल्याकडे फराळाला येतात ते टॉवेलवाले काका. लहानपणी तू विचारायचीस, काका हातावर नेहमी टॉवेल का टाकतात? आई तुला आत न्यायची.

तू वर जायच्या गोष्टी करतेस, साध्या इंजिनिअरांनाही घेतील तेव्हा अर्ज करणार म्हणतेस, तेव्हा तुझी आई देवापाशी जाऊन बसते. मलाही भीती वाटते. शटलच्या, म्हणजे कोलंबिया-चॅलेंजरसारख्या त्या यानांच्या, १३५ खेपांत दोन गेल्या, चौदा माणसं गेली, हा हिशेब मीही केला आहे. पण जायचं ठरवलंस तर मी अडवणार नाही. बसशील त्या यानाचं सील कुणीतरी तपासलेलं असेल, त्याला वेगळं रीडिंग दिसलं असेल, आणि तो नवीन असेल. मला तेवढंच दिसत राहतं.

२०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळात जायचे होते तेव्हा रॉकेटमध्ये लिक्विड ऑक्सिजनची गळती सापडली. आपल्या इस्रोच्या लोकांनी धरून ठेवलं की गळती पूर्ण दुरुस्त झाल्याशिवाय उड्डाण नको. उड्डाण पुढे गेलं, २५ तारखेला झालं, माणूस जुलैत सुखरूप उतरला. परक्या देशात, परक्याच्या रॉकेटबद्दल, सगळं जग बघत असताना ते "थांबा" म्हणाले. त्या दिवशी मी चौकात पेढे वाटले, आणि सर म्हणाले, अहो अजून उड्डाण झालेलं नाही, पेढे कसले? मी म्हटलं, थांबल्याचे.

सोमवारी साहेबांकडे जा. भांडू नकोस. त्या एका नगाची चाचणी पुन्हा घ्यायची परवानगी माग, आणि लेखी माग. रीडिंग चांगलं आलं तर बरंच झालं, कुणी तुला हसलं तर हसू दे. मी सांगितलं म्हणून जाऊ नकोस. पण जा.

काल बाजारात काका भेटले. म्हणाले, "पोरगी आकाशात मानूस पाठवायचं काम करती म्हणं?" मी म्हटलं, होय. म्हणाले, "नीट बघून करती न्हवं?" मी होय म्हणालो आणि पिशवी घेऊन पुढे निघालो.

रविवारी फोन कर. मी ओरडणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. आईनं पार्सल पाठवलं आहे. मेतकूट, लसणीची चटणी, आणि तुझ्या कुकरला नवीन रिंग. बाजूनं वाफ जाते म्हणत होतीस. जुनी फ्रीजरमध्ये ठेवून वापरत बसू नकोस, टाकून दे.