एका ओळीचा बिल्डर आणि हरवलेली डीफॉल्ट किंमत

संपादक महोदय,

‘क्लासवर @बिल्डर लिहा, झालं काम,’ असं सांगून जावाचे बहुतेक धडे पुढे सरकतात. काम अर्धंच झालेलं असतं.

लॉम्बॉक ही जावाची लायब्ररी @बिल्डरसारखी खूण (अ‍ॅनोटेशन) पाहून कंपाइलच्या वेळी बिल्डर क्लास, म्हणजे फील्ड एकेक करून भरू देणारा क्लास, आणि शेवटी ऑब्जेक्ट देणारी बिल्ड() मेथड तयार करते. पण फील्डला दिलेली सुरुवातीची किंमत तो बिल्डर जुमानत नाही. रिट्राय = 3 लिहिलं आणि बिल्डरमध्ये ते फील्ड भरलं नाही, तर ऑब्जेक्टमध्ये 0 येतो; लिस्ट असेल तर नल. कंपायलर इशारा देतो, पण इशारे वाचतो कोण? त्या फील्डवर @बिल्डर.डीफॉल्ट लावायचं, एवढाच उपाय.

दुसरी अडचण: @डेटा आणि @बिल्डर एकत्र आले की रिकामा (आर्ग्युमेंट नसलेला) कन्स्ट्रक्टर उरत नाही. डेटाबेससाठीचं हायबरनेट आणि जेसनसाठीचं जॅक्सन तिथेच अडतात, कारण ऑब्जेक्ट बनवायला त्यांना तो लागतो. मग नुसतं @नोआर्ग्जकन्स्ट्रक्टर जोडलं जातं आणि कोड कंपाइलच होत नाही, कारण बिल्डरला सगळ्या फील्डांचा कन्स्ट्रक्टर हवा असतो. म्हणून सोबत @ऑलआर्ग्जकन्स्ट्रक्टरही लागतं. इनहेरिटन्स असेल, तर पॅरेंट आणि चाइल्ड दोन्ही क्लासवर @सुपरबिल्डर.

आवश्यक फील्ड राहून गेलं तर कंपायलर गप्पच बसतो. फील्ड नल चालणार नाही असं सांगणारं @नॉननल लावलं, तरी चूक कळते ती प्रोग्राम चालताना, बिल्ड() कॉल झाल्यावर. त्यामुळे दोन-तीनच आवश्यक फील्डांच्या क्लासला साधा कन्स्ट्रक्टर बरा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रोजेक्ट जेडीके (जावाचं डेव्हलपमेंट किट) 23 वर नेल्यावर बिल्डर ‘सापडत नाही’ म्हणणाऱ्यांनी प्रोसेसर पाथ, म्हणजे लॉम्बॉकसारखे अ‍ॅनोटेशन प्रोसेसर कुठे आहेत ते कंपायलरला सांगणारी सेटिंग, तपासावी. नुसत्या क्लासपाथवरचा प्रोसेसर आता आपोआप चालत नाही.

आपला,
एक वाचक