अर्ध्याच खरवडलेल्या तारेविषयी

फोंडा, गोवा

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या मुलीला विज्ञान प्रदर्शनात विजेवर चालणारी साधी मोटर मांडायची आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. तयार संच आणावा का, असे तू विचारले आहेस. माझे स्पष्ट मत आहे की आणू नये. कारण या प्रयोगात जे समजून घ्यायचे असते, नेमके तेच काम अशा संचात बहुधा आधीच करून ठेवलेले असते.

साहित्य थोडे लागते: 1.5 व्होल्टचा जाड अल्कलाइन सेल, दोन सेफ्टी पिना, जुन्या स्पीकरमधले चुंबक आणि एनॅमलचा थर असलेली 26 गेजची, म्हणजे सुमारे 0.46 मिलिमीटर जाडीची तांब्याची तार. कुळागरांतल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागांतल्या, पंपांच्या जळलेल्या मोटरी ज्या दुकानात रिवाइंडिंगला येतात, तिथूनच मी आमच्या शाळेसाठी ही तार आणतो. ती सेलभोवती दहा वेळा गुंडाळावी, वेटोळे बाहेर काढून बांधावे आणि दोन्ही टोके समोरासमोर, एका सरळ रेषेत ठेवावीत. ही रेषा जरा जरी वाकडी असली, तरी वेटोळे एका बाजूला जड होऊन अडते, म्हणून इथे घाई करू देऊ नकोस. पुढे सेलच्या दोन्ही टोकांना पिना चिकटपट्टीने घट्ट बसवून त्यांच्या छिद्रांत तारेची टोके ठेवायची आणि खाली, सेलवर, चुंबक ठेवायचे.

आता मुख्य गोष्ट. एनॅमल पारदर्शक असल्यामुळे तार उघडीच दिसते, पण तो थर खरवडल्याशिवाय पिनेतून वीज तारेत जात नाही. पहिल्यांदा मुलीला दोन्ही टोके पूर्ण खरवडू दे. वेटोळे थोडे वळेल, मागेपुढे डोलेल आणि थांबेल. ते का थांबले, हा प्रश्न तिला स्वतःला पडला पाहिजे, आणि त्यासाठी हवा तेवढा वेळ तिला द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. वीज वाहू लागली की वेटोळे स्वतःच चुंबक बनते. खालच्या चुंबकाशी जुळेपर्यंत ते वळते, पण जुळल्यानंतर पुढे गेले की तेच बल त्याला मागे ओढते. म्हणून उरलेल्या अर्ध्या फेरीत वीज बंद पडली पाहिजे, म्हणजे मिळालेल्या वेगाने वेटोळे ती अर्धी फेरी आपोआप पुरी करील. हे तिच्या लक्षात आले, की नव्या वेटोळ्याचे एक टोक पूर्ण आणि दुसरे फक्त अर्ध्या बाजूने खरवडायचे.

ती अर्धी बाजू कोणती, यावर सारे अवलंबून आहे. वेटोळे टेबलाच्या कडेशी उभे धरावे, टोक टेबलावर टेकवावे आणि फक्त वरची बाजू पॉलिश पेपरने घासावी. वेटोळे आडवे धरून घासले, तर वीज अर्धा वेळ पुढे ढकलते, अर्धा वेळ मागे, आणि फिरणे होतच नाही. बरोबर जमले, की बोटाचा हलका धक्का पुरतो.

फॅरेडेने 1821 साली पाऱ्याच्या भांड्यात चुंबकाभोवती तार अखंड फिरवून दाखवली होती. तिथे वीज तोडण्याची गरजच नव्हती, पण पारा विषारी असल्याने मुलांच्या हाती तो प्रयोग देता येत नाही. आपल्या घरातल्या मिक्सरमध्ये मात्र हेच तत्त्व पुढे नेलेले आहे: कम्युटेटर, म्हणजे फिरत्या दांड्यावरचे तांब्याच्या पट्ट्यांचे कडे, आणि त्याला टेकलेले कार्बनचे तुकडे, म्हणजे कार्बन ब्रश, मिळून वीज नुसती तोडत नाहीत, तर योग्य क्षणी उलटवतात, म्हणून खोबरे वाटताना पाते पूर्ण फेरीभर जोराने ढकलले जाते.

दोन सूचना जरूर पाळाव्यात. या तारेचा विद्युतरोध जेमतेम 0.1 ओहम असतो, त्यामुळे वेटोळे अडून राहिले तर सेल आणि तार दोन्ही तापतात. ते लगेच उचलावे, आणि मोबाईलची लिथियम बॅटरी कधीही वापरू नये. शिवाय आमच्यासारख्या दमट किनारपट्टीच्या हवेत पिनांवर लवकर गंज चढतो, म्हणून प्रदर्शनाच्या सकाळी छिद्रांची आतली बाजूही घासून घ्यावी.

सोबत तारेची छोटी गुंडाळी पाठवत आहे. मोटर फिरू लागली की मुलीला चुंबक उलटे ठेवून पाहायला सांग आणि वेटोळे तेव्हा कोणत्या दिशेला धाव घेते, ते तिने स्वतःच्या अक्षरात मला कळवावे.

तुझा स्नेहांकित