मंत्रिमहोदय, मंगळाआधी माझ्या वावरात एक ट्रॉली माती टाका

मा. मंत्रिमहोदय यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, परवा जिल्ह्याच्या ठिकाणी विज्ञान प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आपण आलात आणि लेकरांना म्हणालात, "तुमच्यातलीच पोरं उद्या मंगळ हिरवा करतील, तिथं शेती पिकवतील, सरकार तुमच्या पाठीशी खंबीरपणे उभं आहे." टाळ्या पडल्या. माझी नववीतली मुलगी त्या मांडवात होती. थर्माकोलच्या गोळ्यावर गेरू लिंपून तिनं मंगळ केला होता. त्यावर आइस्क्रीमच्या डब्याचं पारदर्शक झाकण उपडं घातलेलं, आत उगवलेली मेथी. आपण तिथं थांबलात, फोटो काढून घेतलात, त्याबद्दल आभारी आहे. घरी येऊन तिनं मला एवढंच विचारलं, "पप्पा, आपल्या बांधावर आलते ते हेच साहेब ना?"

हेच साहेब. म्हणून लिहितोय.

आपल्याला आठवत नसेल, आपले दौरे पुष्कळ असतात. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणेनं पात्र सोडलं, त्यानंतर आपण आमच्या शिवारात आला होतात. गमबूट घालून आलात, हेही मान्य करतो. काहीजण गाडीची काच सुद्धा खाली करत नाहीत. माझ्या वावराच्या कडेला, म्हणजे पूर्वी जिथं कड होती तिथं उभं राहून आपण म्हणालात की एकही शेतकरी मदतीपासून वंचित राहणार नाही, दिवाळीआधी खात्यावर पैसे पडतील. दिवाळी गेली, संक्रांत गेली. खात्यावर बँकेनं किमान शिल्लक नाही म्हणून कापलेला दंड तेवढा पडला, तोही उलट्या दिशेनं.

माझं वावर अडीच एकर, एक हेक्टर म्हणा. कापूस होता, बोंडं फुटायला लागली होती. पाणी उतरल्यावर गेलो तर कापूस नव्हता याचं फार वाटलं नाही, पीक जातं, आम्हाला सवय आहे. माती नव्हती, साहेब. खाली पिवळा मुरूम, मधेच काळा पाषाण उघडा पडलेला, धुऊन पुसून ठेवल्यासारखा. ठिबकच्या नळ्या ओढ्याकडच्या बाभळीला गुंडाळलेल्या. विहीर कठड्यापर्यंत वाळूनं भरलेली, मोटर आतच आहे, निदान असावी. वडिलांनी त्या वावरात उन्हाळ्यात मेंढरं बसवली, उकिरड्याचं खत बैलगाडीनं टाकलं, हयात घातली. ते आता वावराकडं येत नाहीत, पारावर बसून राहतात. बायकोनं दागिना मोडला, तो खतासाठी आधीच मोडला होता, म्हणजे आता मोडायलाही काही नाही. हे सगळं आपल्याला सांगायचं नव्हतं, मागणीचं पत्र लिहायचं होतं, पण हात थांबत नाही.

पंचनामा झाला. मोबाइलवर फोटो काढला, ठिकाणासकट. आता गंमत ऐका. नदीनं माझ्या वावरातून वाट काढल्यामुळं तो फोटो नदीपात्रात काढल्याचं दिसतं, आणि नदीपात्राला नुकसानभरपाई नसते. कार्यालयात सांगितलं की आधी मोजणी करून आणा. मोजणीची फी भरायची, तारीख घ्यायची, आणि ज्या बांधापासून मोजायचं तो बांध दाखवायचा. बांध वाहून गेलाय म्हटलं तर साहेब म्हणाले, "मग मोजणार कशावरून?" हा प्रश्न मी आपल्याकडं पाठवतो.

आता हिशेब. मी बी.एस्सी. आहे, रसायनशास्त्र घेऊन. नोकरी लागली नाही तो वेगळा विषय, त्यावर वेगळं पत्र होईल. एका एकरावर एक फूट माती टाकायची तर ४३,५६० घनफूट लागते. शंभर घनफुटाचा एक ब्रास, म्हणजे ४३५ ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण ब्रासभर बसतं. माझ्या अडीच एकराला हजारावर ट्रॉल्या. आमच्याकडं गाळाची ट्रॉली हजार-बाराशेला पडते, तलाव लांब असला तर आणखी वर. अकरा ते तेरा लाख रुपये झाले, आणि गेली ती माती एक फूट नव्हती, कमरेइतकी होती. सरकारनं ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि तीन लाख रोजगार हमीतून. रोख रकमेला ट्रॉल्यांनी भागलं तर ट्रॉलीमागं ४३-४४ रुपये येतात. एवढ्यात ट्रॅक्टरवाला चहा पिऊन वरचे सुट्टे परत देईल. आणि हे पैसे मिळाले असते तर!

आता आपल्या मंगळाकडं येतो. आपण भाषणात विषय काढलाय, तर आपल्या स्वीय सहायकांनी आपल्याला नीट टिपण करून द्यायला हवं होतं. दिलेलं दिसत नाही, म्हणून मी देतो, मोबदला नको.

दुसरा ग्रह पृथ्वीसारखा राहण्याजोगा करायचा, याला टेराफॉर्मिंग म्हणतात. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९६१ साली शुक्राबद्दल असा विचार मांडला होता, ढगांत शेवाळ सोडायचं. पुढं शुक्र भट्टी निघाला, तो नाद सुटला आणि मंगळावर नजर गेली. मंगळावर सरासरी तापमान उणे साठच्या आसपास. हवेचा दाब इथं हजार मिलिबार धरला तर तिथं सहा-सात. एवढ्या दाबात पाणी पाणी म्हणून टिकत नाही, बर्फ तरी होतं नाहीतर वाफ. (आमच्या गावची नळयोजनाही अशीच, पाणी कागदावर टिकतं, नळात नाही.) हवा दाट करायला ध्रुवांवर गोठलेला कार्बन डायऑक्साइड वितळवायचा, इलॉन मस्क यांनी तर २०१५ मध्ये त्यासाठी अणुबॉम्बची भाषा केली. त्यावर २०१८ मध्ये ब्रूस जॅकोस्की आणि क्रिस्टोफर एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की ध्रुवांवरचा, मातीतला, खडकातला, हाताला लागेल तेवढा सगळा वायू काढला तरी दाब वीसेक मिलिबारला अडतो. पृथ्वीच्या दोन टक्के.

२०२४ मध्ये दुसरी युक्ती आली. मंगळावरच्याच लोखंड-ॲल्युमिनियमच्या केसाहून बारीक कांड्या करून हवेत उडवायच्या, म्हणजे उष्णता अडून तीस अंशांहून जास्त ऊब येईल. किती उडवायच्या? सेकंदाला ३० लिटर, वर्षानुवर्षं. तीस लिटर म्हणजे एक क्युसेक आणि वर थोडं. आमच्या कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, एक क्युसेक सलग आठवडाभर आलेला बघायला मिळाला तर मी आपल्याला फेटा बांधीन. आणि एवढं करून फक्त ऊब येते, श्वास घ्यायची हवा येत नाही. नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवर मॉक्सी नावाचं यंत्र होतं, ते तिथल्या हवेतून ऑक्सिजन काढायचं. सोळा वेळा चालवून एकूण १२२ ग्रॅम. माणसाला एका दिवसाला पाऊण किलोच्या वर लागतो. शिवाय मंगळाला पृथ्वीसारखं चुंबकीय कवच नाही, त्यामुळं सूर्याकडून येणाऱ्या झोतात तिथली हवा सेकंदाला शंभरेक ग्रॅमनं अवकाशात निघून जाते, हे नासाच्या मॅव्हेन यानानं मोजलं. तिथली हवा जायला अब्जावधी वर्षं लागली, माझी माती एका रात्रीत गेली. कोणाचं काम जास्त तातडीचं, ते आपण ठरवा.

मी विज्ञानाच्या विरोधात नाही, हे स्पष्ट लिहितो, नाहीतर आपले समाजमाध्यमवाले मला लगेच अडाणी ठरवतील. साडेचारशे कोटींत मंगळयान गेलं आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत पोचलं, तेव्हा मी गावात पेढे वाटलेत. शास्त्रज्ञ खोटं बोलत नाहीत. ते म्हणतात शतकं लागतील, कदाचित होणारही नाही. त्यांच्या तोंडचं "कदाचित" गाळून स्टेजवरून फेकायचं काम आपल्यासारख्यांचं.

खरी अडचण मातीची आहे, आणि तिथं माझा अधिकार आपल्यापेक्षा मोठा आहे. मंगळाचा खडक बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा दगड, आपलाही बेसाल्ट. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला मंगळाचे अभ्यासक येतात ते त्याचमुळं, बेसाल्टात उल्का आदळून झालेलं असं विवर पृथ्वीवर दुर्मिळ. म्हणजे दगड सारखाच. मग मंगळावर नुसता भुगा, त्यातही २००८ साली फिनिक्स यानाला सापडलेलं विषारी पर्क्लोरेट, आणि आमच्याकडं कापसाची काळी, हे कसं झालं? पाऊस, ऊन, मुळं, गांडुळं, शेण, कुजलेला पाला आणि हजारो वर्षं. माणसाच्या हयातीत बोटभर सुद्धा होत नाही. ज्याला आपण टेराफॉर्मिंग म्हणता ते आमच्या शिवारात झालेलं होतं, फुकट, टेंडर न काढता. ते राखता आलं नाही. ओढ्यांवर अतिक्रमणं झाली, वाळू उपसून पात्रं खोल-उथळ झाली, धरणातून पाणी सोडायच्या आधी भोंगा सुद्धा वाजला नाही.

तरी आपल्याला सरावच करायचा असेल तर माझं वावर मोकळं आहे. बेसाल्टचा दगड तयार, माती शून्य, विहीर बुजलेली. वर सवलती किती! हवा फुकट, गुरुत्वाकर्षण पूर्ण (मंगळावर ३८ टक्केच), ऊन मंगळाच्या दुपटीहून जास्त, आणि यान नको, फाट्यापर्यंत एसटी येते. एवढ्या सवलतीत अडीच एकर हिरवे करता येईनात, आणि निघालात ग्रह करायला.

तसंही मराठवाड्याला हे नवीन नाही. इथं प्रत्येक सरकारनं येऊन आमचा ग्रह बदलायचं जाहीर केलंय. १९६५ साली जायकवाडीचा पाया घातला तेव्हापासून आम्ही सुजलाम सुफलाम होतोय. वरची धरणं भरली की खाली सोडायचं का नाही यावर दर दुष्काळात कोर्टकचेरी होते. २०१५ मध्ये औरंगाबादेहून विमानं उडवून ढगांत मीठ फवारलं, २०१९ मध्ये परत. मधल्या २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. जलयुक्त शिवारनं २०१९ पर्यंत महाराष्ट्र टंचाईमुक्त करायचा होता. साडेनऊ हजार कोटींच्या वर खर्च करून फारसा उपयोग झाला नाही, असं मी नाही, सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगनं लिहिलंय. उन्हाळ्यात टँकर, पावसाळ्यात बोट, आणि दोन्हींचे ठेकेदार तेच. मंगळाचं कामही त्यांनाच द्याल, मला खात्री आहे. ध्रुवावरचा बर्फ वितळवल्याची बिलं बर्फाआधी निघतील.

बरं, तिथं जमीन कोणाच्या नावावर करणार? १९६७ च्या अवकाश करारानुसार कुठल्याही देशाला मंगळावर मालकी सांगता येत नाही. सातबारा नाही. सातबारा नाही म्हणजे फार्मर आयडी नाही, पीकविमा नाही, कर्ज नाही. वर्ष ६८७ दिवसांचं, त्यामुळं सन्मान निधीचे सहा हजार जवळपास दोन वर्षांनी एकदा. सरकारी महसुली भाषेत सांगायचं तर अख्खा ग्रह पोटखराब, म्हणजे लागवडीला नालायक. माझ्या वावरासारखाच, फरक इतकाच की माझ्याकडून अजून शेतसारा घेतला जातो आणि कर्जवाल्या सोसायटीची नोटीसही वेळेवर येते. नोटिशीला जीपीएस लागत नाही, तिला माझं घर बरोबर सापडतं.

मागण्या मोठ्या नाहीत. नदीनं पात्र बदललंय याची नोंद सरकारनं स्वतः घ्यावी आणि वाहून गेलेल्या गटांची मोजणी स्वखर्चानं करून द्यावी, गावनकाशा आहे, उपग्रहाचे जुने फोटो आहेत, मंगळाचे आहेत तर आमचेही असतीलच. गाळमुक्त धरण योजनेतला गाळ आधी खरडलेल्या जमिनींना मिळावा; सध्या तो कोणाच्या फार्महाउसच्या बगिच्यात जातो ते आपल्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत. रोजगार हमीच्या तीन लाखांचं काम नेमकं कोणी, कुठं, कोणत्या अर्जावर सुरू करायचं, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं, कारण ग्रामसेवक तहसीलकडं बोट दाखवतात, तहसील पंचायत समितीकडं आणि पंचायत समितीचे साहेब मीटिंगला गेलेले असतात.

माझी तक्रार सरकारी पोर्टलवर आहे. तिच्यापुढं "निकाली काढण्यात आली" असं दिसतं. कोणी काढली, काय बघून काढली आणि निकाल काय लागला, एवढं तरी लेखी कळवावं.

कळावे,
आपला,
गट नंबर नदीत दाखवलेला एक शेतकरी
(सिंदफणाकाठ, जि. बीड)