मागच्या सीटवरनं मोरोक्को

प्रिय मध्या,

फोनवर तू तीनदा विचारलंस ट्रिप कशी झाली आणि मी तीनदा "मस्त रे" म्हणून मोकळा झालो, कारण तुझ्या दुकानात मागे गिऱ्हाईकं ओरडत होती आणि हे असं दोन मिनिटात सांगण्यासारखं नाहीये. आज रविवार, ही माहेरी गेलीये, चहा माझा मीच करून घेतलाय आणि बसलोय लिहायला. लांबणार आहे, शटर ओढल्यावर निवांत वाच.

आधी एक कबुली. "गाइड घेऊन फिरणं म्हणजे शाळेची सहल" हे तुझं वाक्य मला शंभर टक्के पटलेलं होतं, भाड्याची गाडी सिलेक्ट करून पेमेंटच्या पानापर्यंत गेलो होतो मी. पण ही अडून बसली. म्हणे सत्तावीस वर्षं तुम्ही गाडी चालवताय आणि मी शेजारी बसून "ट्रक आला, ट्रक आला" करतेय, एकदा तरी दोघंही मागे बसू. यावर काय बोलणार बे? तिथं गाड्या उजव्या बाजूने चालतात हे कारण पुढं करून मी माघार घेतली, म्हणजे माझी इज्जत राहिली.

तर दिवाळी उरकल्यावर गेलो. नऊ दिवस, साधारण अठराशे किलोमीटर, कासाब्लांकाहून निघून वर शेफशाऊन, मग फेस, तिथून खाली वाळवंटात मेरझूगा, मग दादेस, अ‍ॅटलसचा घाट चढून माराकेश आणि परत कासाब्लांका. कासाब्लांकात हसन दुसरे यांच्या नावाची मशीद पाहिली, समुद्रात भर घालून बांधलीये, मिनार 210 मीटर, मान दुखते बघताना. तिथल्या मशिदींमध्ये आपल्यासारख्यांना आत सोडत नाहीत पण या मशिदीत तिकीट काढून सोडतात. 1993 च्या ऑगस्टमध्ये उद्घाटन झालं असं ऐकलं आणि मला एकदम 1993 चा सप्टेंबर आठवला, त्याच्याबद्दल पुढं सांगतो.

शेफशाऊन निळं आहे. झालं. खरंच सुंदर आहे पण प्रत्येक निळ्या दारासमोर फोटोची लाईन, आपण उगाच दुसऱ्याच्या अल्बममध्ये घुसल्यासारखं वाटतं.

आता आमचा ड्रायव्हर कम गाइड. पन्नाशीच्या पुढचा, पिकलेल्या मिशा, शुक्रवारी पायघोळ जेलाबा, एरवी स्वेटर. इंग्रजी मोडकं, फ्रेंच फाडफाड, घरी अमाझीग, म्हणजे तिथल्या मूळ लोकांची भाषा. हिनं पहिल्याच दिवशी आपल्या सवयीनं त्याला "मामा" म्हणायला सुरुवात केली. तो प्रत्येक वेळी दचकून आरशात बघायचा. दुसऱ्या दिवशी पेट्रोलपंपावर न राहवून विचारलंन, मॅडम मला आई का म्हणतात? अरे तिकडे मामा म्हणजे आई! मी हसून हसून गाडीच्या बॉनेटला टेकलो. मग आईच्या भावाला तुमच्यात काय म्हणतात ते विचारलं तर निघालं "खाली", म्हणजे माझा मामा. झालं, ठरलं, खाली. पण यात दुसरीच गंमत झाली. फेसमध्ये आमची खोली वरच्या मजल्यावर, ही गच्चीवरनं मला ओरडली "खाली या की!" मी जिन्यात, आणि खाली बिचारा चहा टाकून वर पळत आला. पुढची सगळी ट्रिप आमच्यात "खाली खाली आहे" एवढ्या एका वाक्यावर टाइमपास झालाय.

हिनं एक वही केली होती. कानावर ओळखीचा शब्द आला की लिहायची. साबण म्हणजे साबून, खुर्ची म्हणजे कुर्सी, पेटी म्हणजे संदूक, औषध म्हणजे दवा. हॉटेलात बिल मागायचं तर "हसाब", म्हणजे आपला हिशोब! साखरेला सुक्कर, हा मात्र आपल्याकडून तिकडे गेलेला, ते तिनं लाल पेननी लिहिलं, जणू उसने दिलेले पैसे परत मिळाले. रस्त्यावरच्या पाट्या अरबी, फ्रेंच आणि तिसरी एक लिपी, गोल, काड्या, ठिपके असं काहीतरी. ती तिफिनाग. 2011 च्या राज्यघटनेत अमाझीग भाषेला अधिकृत दर्जा मिळाला. खाली म्हणाला माझी भाषा मला वाचता येत नाही, माझी धाकटी शाळेत शिकते आणि पाट्या मला वाचून दाखवते. हे त्यानं हसत सांगितलं, पण नंतर बराच वेळ गप्प होता.

खाण्याचं तू विचारणारच. हिचं शाकाहारी म्हणजे कडक शाकाहारी. हरीरा नावाचं सूप सगळीकडे मिळतं पण त्यात बऱ्याचदा मटणाचा रस्सा असतो, तर खाली स्वतः मुदपाकखान्यात जाऊन झाकण उघडून बघून यायचा आणि दारातनंच मान हलवायचा, हो किंवा नाही. नुसत्या या कामाचे पैसे वसूल झाले बघ. सकाळी बगरीर मिळायचं, रव्याचं धिरडं, एकाच बाजूनं भाजतात आणि वर जाळी पडते, त्यावर लोणी-मध. आणि बिसारा! वाळलेल्या बाकल्याच्या डाळीचं, लसूण, वर ऑलिव्ह तेल आणि जिरंपूड, अरे पिठलंच ते. हिनं पिशवीतनं ठेचा काढला आणि दोघांनी पोटभर हाणलं. खालीनं ठेचा चाखला, डोळ्यात पाणी आलं, तरी पुन्हा मागितला. बाकी भाज्यांचं ताजिन, म्हणजे झाकणाच्या मातीच्या भांड्यात शिजवलेलं, पहिले तीन दिवस स्वर्ग, सातव्या दिवशी झाकण उघडायच्या आधीच मला गाजर दिसायला लागलं.

याच्यावरनं खालीनं आम्हाला इब्न बतूता हा जुना प्रवासी सांगितला. तो तिकडचाच, टॅंजियरचा, 1325 साली एकवीस वर्षांचा असताना घराबाहेर पडला तो फिरत फिरत आपल्या देवगिरीला, म्हणजे दौलताबादला येऊन गेलेला. तिथल्या कोठडीतले उंदीर मांजरांपेक्षा मोठे असतात असं त्यानं लिहून ठेवलंय. आणि नंदुरबारच्या मराठ्यांबद्दल लिहिलंय की हे लोक भात, भाज्या आणि तिळाचं तेल खातात, जनावर मारणं त्यांना आवडत नाही. खालीला उंदीर माहीत होते, नंदुरबार माहीत नव्हतं, ते मी फोनवर शोधून वाचून दाखवलं. तर तो हिच्याकडे बघून म्हणतो, म्हणजे सातशे वर्षांत तुम्ही काहीच बदलला नाहीत. मी त्याला सांगितलं की आम्ही दोघं कॉलेज बुडवून मोटारसायकलवर त्याच किल्ल्यात जायचो. उंदीर नव्हते म्हणलं, वटवाघळं होती. ती अंधारी आठवते ना? तू माझा हात धरलेलास आणि वर आल्यावर नाही म्हणालास.

फेस. इथं आमचा खाली गावात आला नाही, बिल्ला लावलेला लोकल गाइड वेगळा घेतला. जुन्या शहरात गाडी जातच नाही, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाढव आलं तर भिंतीला पाल होऊन चिकटायचं. गाढववाला ओरडतो "बालाक, बालाक!" म्हणजे बाजूला व्हा. हिला वाटलं बालक कुठंय. करवीयीन इथंच, 859 साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईनं बांधलेली मशीद, तिचंच पुढं विद्यापीठ झालं. दारातूनच बघायची. पण मला तिथलं काय लक्षात राहिलं सांगू? चामड्याचे हौद. वर दुकानाच्या गच्चीत नेतात, हातात पुदिन्याची काडी देतात नाकाला लावायला, खाली शंभरेक गोल हौद, पांढऱ्यांत चुना आणि कबुतराची विष्ठा, बाकीच्यांत रंग, आणि माणसं मांडीपर्यंत आत उतरून कातडी तुडवतायत. ही पुदिना विसरून बघत राहिली. तेवढ्यात दुकानदाराचं लक्ष हिच्या पायाकडे गेलं, कोल्हापुरी होती, मी नको म्हणत असताना घातलेली. त्यानं ती काढायला लावली, वाकवली, वास घेतला, शिलाई बघितली, आतल्या म्हाताऱ्या कारागिराला हाक मारली, मग दोघं मिळून वास घेतायत! मी सांगितलं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. खुणा करून बाभूळ समजावली. म्हाताऱ्यानं कळलं अशी मान डोलावली. पुढची पंधरा मिनिटं आम्हाला काही विकायचं तो दुकानदार विसरूनच गेला, हा बहुतेक फेसमधला विक्रम असणार.

फेस ते मेरझूगा म्हणजे पूर्ण दिवस गाडीत. आधी इफ्रान, उतरत्या छपरांचं, युरोपात आल्यासारखं थंडगार गाव, पुढं देवदाराच्या जंगलात माकडं (वेरूळच्या माकडांसारखीच निर्लज्ज, फक्त शेपटीशिवाय), मग उघडे डोंगर, मग झीझ नदीची दरी आणि एकदम तळाला हिरवागार खजुराचा पट्टा, दोन्हीकडे लाल माती. खजुराचा हंगाम होता, रस्त्याकडेला खोकी लावून पोरं बसलेली. या दिवसाबद्दल खरं सांगू का. मी पहिल्यांदाच हिच्या बाजूला, एकाच खिडकीतनं बघत आठ तास बसलो. घरी गाडीत मी रस्ता बघतो आणि ती मला बघत असते, म्हणजे माझ्या ब्रेककडे. इथं ब्रेक दुसऱ्याच्या पायाखाली. ती झोपली, उठली, काहीतरी बोलली, पुन्हा झोपली. मला तिच्याबद्दल दोन गोष्टी नव्यानं कळल्या, त्या तुला सांगणार नाही.

एर्फूदच्या अलीकडे रखरखीत माळावर मातीचे ढीग दिसले, वारुळं असावीत तशी, पण ओळीत. खाली म्हणाला खेत्तारा, जमिनीखालून पाणी आणायचे बोगदे, हे ढीग म्हणजे त्यांचे उसासे, म्हणजे साफ करायला उतरायची भोकं. मी ओरडलोच, अरे ही तर आपल्या संभाजीनगरची नहर-ए-अंबरी! पाणचक्कीचं पाणीही असंच जमिनीखालून, खापराच्या नळातनं येतं की. मी त्याला मलिक अंबर सांगितला, तोही आफ्रिकेतलाच, हबशी, आमच्या शहराला पाणी पाजणारा. खालीला ते फार आवडलं, पुढं भेटेल त्या प्रत्येक ड्रायव्हरला तो हे सांगायचा. तिथल्या बऱ्याच खेत्तारा आता कोरड्या पडल्यात, डिझेल पंप आले, पाणी खोल गेलं. मराठवाड्यातल्या माणसाला पुढचं कुणी समजवायची गरज नाही.

वाळवंटाचं सगळेच लिहितात म्हणून मी आवरतो. एर्ग शेब्बीच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत, उंटावर तासभर, नंतर दोन दिवस माझ्या मांड्या माझ्या नव्हत्या. रात्री इतके तारे की वर बघून भीतीच वाटली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या खमलिया गावात ग्नावा लोकांचं गाणं ऐकलं, यांचे पूर्वज सहाराच्या पलीकडून गुलाम म्हणून आणलेले. हातात लोखंडी करकेब वाजवतात, जाडजूड चिपळ्याच. हिनं मागून घेतल्या आणि बरोब्बर भजनी ठेका धरला, तर वाजवणारा म्हातारा तिच्या मागे मागे. मी व्हिडिओ काढलाय, आवाज वाढवून बघ.

आता भांडण. गालिच्याच्या एका दुकानात खाली घेऊन गेला, चहा झाला, तीस गालिचे उलगडले, सांगितले 6000 दिरहम, हिनं 2600 वर आणले (दिरहम तेव्हा साडेनऊ रुपयांच्या आसपास होता, कर हिशोब). मी खूश. माराकेशच्या अलीकडे जेवायला थांबलो तिथं तसाच गालिचा 1500 ला. मग मागच्या सीटवर मराठीत जोरदार. मी म्हणत होतो हा पण मिळालेला आहे, कमिशन खातो. खालीला शब्द कळत नव्हता पण सूर कळत होता. त्यानं गाडी बाजूला घेतली, मागं वळला आणि सरळ सांगितलं, हो, मला त्यातनं मिळतात, सगळ्यांना मिळतात, पगारात भागत नाही, तुम्ही विचारलं असतं तर तिथंच सांगितलं असतं. मला काय बोलावं कळेना. ही म्हणाली गालिचा मला आवडलाय, संपला विषय. अजूनही माझं मत आहे की कुणी विचारायच्या आधीच त्यानं सांगायला हवं होतं. पण त्यानंतर गाडीतलं बोलणं बदललं हे खरं.

आइत बेनहद्दू झालं, मातीचं गढीगाव, जागतिक वारसा वगैरे, नंतर तिश्काचा घाट, 2260 मीटर, आपला कन्नडचा घाट चारदा घातल्यासारखा. वर चहाला थांबलो आणि मी सहज विचारलं की भूकंप इकडेच झाला ना. 8 सप्टेंबर 2023, रात्री अकराच्या सुमारास, 6.8 चा. जवळजवळ तीन हजार माणसं गेली. खालीची सासुरवाडी पश्चिमेकडे डोंगरात, अमिझमिझच्या वरच्या अंगाला. मेहुणा आणि मेहुण्याची दोन मुलं गेली. दगड-मातीची घरं, छपरावर मातीचे थर. सरकारनं पूर्ण पडलेल्या घराला 140000 दिरहम जाहीर केले, हप्त्याहप्त्यानं, पण डोंगरात सिमेंट चढवायलाच त्यातले किती जातात. सासू अजून जुन्या घराच्या जागेजवळून हलत नाही.

मग मी त्याला किल्लारी सांगितलं. मध्या, मी इतक्या वर्षांत ते कुणाला नीट सांगितलेलं नाही. 1993 ची 30 सप्टेंबर, विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या आत, आणि चौथ्या दिवशी कॉलेजच्या ट्रकमधून गेलेलो आपण. त्या दोन-अडीच फुटी दगडी भिंती. तो वास, तुझी उलटी, आणि त्या आजीबाई ज्या आपल्याला ढिगाऱ्यातलं त्यांचं जातं काढून द्या म्हणत होत्या. खालीनं एकच प्रश्न विचारला, नवीन घरं लोकांना आवडली का? मी म्हणालो घरं पक्की झाली, गावं ऐसपैस झाली, पण शेजार तुटला, पूर्वी भिंतीवरनं वाटी द्यायचे ते गेलं. तो म्हणाला हे मी सासूला सांगणार नाही. हिला मी किल्लारीला गेलो होतो एवढंच माहीत होतं. घाट उतरून होईपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही.

माराकेशला गर्दी, साप, संत्र्याचा रस, पुन्हा गर्दी. मला नाही आवडलं, हिला आवडलं, निकाल तिच्या बाजूनं.

परतताना हायवेवर बेनगेरीरजवळ फॉस्फेटच्या खाणी लागतात. जगातल्या फॉस्फेटच्या साठ्यातला निम्म्याहून जास्त या एका देशात. तुझ्या दुकानात डीएपी खताचं पोतं येतं त्यातलं थोडं इथलंही असेल, खालीला मी म्हणालो माझा मित्र हे विकतो, तर त्यानं खिडकीतनं खाणीला सलाम ठोकला, तुझ्यातर्फे.

तुझ्यासाठी मेजूल खजुराचं खोकं आणलंय, अमलूची, म्हणजे बदाम आणि आर्गन तेलाच्या चटणीची, बरणी बॅगेत फुटली, माझ्या तीन शर्टांना अजून आर्गन तेलाचा वास येतोय. येताना एक काम कर. किल्लारीत ट्रकपाशी काढलेला आपला तो ब्लॅक अँड व्हाइट फोटो तुझ्याकडेच आहे, माळ्यावरच्या ट्रंकेत बघ, आजीबाई आणि जातं असलेला. मोबाइलवर फोटो काढून पाठव. खालीचा मेसेज आलाय, त्याला तो बघायचाय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
अण्णा