रविवारची बैठक: एकात्मिक आरोग्य अभ्यासक्रमाचा मसुदा

सर्व सभासदांना नमस्कार.

आपल्या आरोग्यविज्ञान शाखांच्या फेररचनेच्या मसुद्यावर येत्या रविवारी सकाळी १०.३० वाजता नेरूळ पूर्वेच्या नेहमीच्या सभागृहात बैठक आहे. मागच्या वेळी आपण ११ जण होतो. एवढ्या मोठ्या बदलासाठी ही संख्या फार कमी आहे.

वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी, आहारशास्त्र आणि आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांनी काही विषय आणि वॉर्डातले काही दिवस एकत्र शिकायचे, हा मसुद्याचा गाभा. कल्पना नवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आंतरव्यावसायिक शिक्षणाचा आराखडा मांडला. ॲलोपॅथी आणि आयुषच्या विद्यार्थ्यांना एकमेकांच्या शास्त्राची मूलभूत ओळख हवी, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते.

मला हे मनापासून हवे आहे. आईला पक्षाघात झाला तेव्हा तिला गिळताना ठसका लागायचा. काय भरवायचे, याबद्दल डॉक्टर, सिस्टर आणि आहारतज्ज्ञ यांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. तिघेही हुशार, पण आपसात बोललेच नव्हते. ते दोन दिवस मी विसरू शकत नाही.

मात्र एकत्रित परीक्षा कोण घेणार आणि वॉर्डाचे जादा तास कोणाच्या वेळापत्रकातून निघणार, यावर मसुद्यात एक ओळही नाही. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांवर आधीच ड्यूटीचा ताण आहे, त्यात भर नको. यावर लेखी सूचना घेऊन या. नर्सिंग आणि फिजिओच्या प्राध्यापकांनी तर नक्की यावे.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत ग्रुपवर कळवावे, म्हणजे नाश्त्याचा अंदाज येईल.