अण्णांच्या ढालीबद्दल, बाबीस

28 ऑक्टोबर 2025

प्रिय बाबी,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शिवाय मी मुद्द्यावर येतो नेमकी तेव्हाच वहिनी मागून जेवायला हाक मारते. म्हणून लिहितोय. आईची शुगर आहे तशीच आहे. माझा गुडघा बरा. भात निम्मं कापून झालंय, निम्मं पावसानं आडवं केलंय. घरचं एवढंच.

गोष्ट अण्णांच्या ढालीची आहे, तुझ्या वडिलांच्या नावानं चालणाऱ्या आपल्या फुटबॉल स्पर्धेची, जिथे पंचायतीच्या हद्दीत राहणाराच खेळू शकतो.

परवा तिन्हीसांजेला पांड्या खळ्यात येऊन बसला. हातात यंदाच्या टीमची यादी. यादीवर सेक्रेटरी म्हणून सही माझी लागते, तुला माहीत आहे. वाचत गेलो तर तीन नावं अशी, की मी त्या पोरांना जन्मात पाहिलेलं नाही. पत्ता आपल्या वाडीचा. विचारलं, "ही कोणाकडची?" तर म्हणतो, "गोयातल्या पेडण्याची हत. पण कागद बरोबर आसत." आधारवरचा पत्ता बदललेला, रहिवासी दाखला काढलेला, आणि राहतात कुठे, तर तुझ्या मावसभावाच्या त्या बंद घरात, जिथे गेल्या गणपतीपासून कुलूप निघालेलं नाही.

मागच्या मे महिन्यात पलीकडच्या वाडीनं ढाल नेली, तेव्हा तूच विचारलं होतंस ना, त्यांचा नऊ नंबर कोण म्हणून? तो त्यांच्या वाडीचा रहिवासी होता, कागदावर. फायनलच्या सकाळी बसमधून उतरून त्यानं आपल्याच दुकानात मैदानाची वाट विचारली होती. आम्ही तक्रार केली. पंचांनी दाखला बघितला, शिक्का बघितला, झालं. तेव्हा सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता तो पांड्याच. आता तोच म्हणतो, ते करतात तर आपण का नाही.

मी सही केलेली नाही. यादी माझ्याकडेच आहे.

यावरून आपलं पहिलं भांडण आठवलं. 1986. पेपर गावात दुसऱ्या दिवशी यायचा. त्यात वर्ल्ड कपमध्ये अर्जेंटिनाच्या मॅराडोनानं इंग्लंडवर हातानं केलेल्या गोलचा तो फोटो, इंग्लंडचा गोली शिल्टनच्या डोक्यावर उंचावलेला हात. तू तो कापून ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलास आणि मी तुला चोराचा भाट म्हणालो. तुझं उत्तर ठरलेलं: चार मिनिटांनी त्यानं अर्ध्या मैदानातून इंग्लंडला गुंडाळत मारलेला दुसरा गोल बघ. मी म्हणायचो, दुसऱ्यानं पहिला धुतला जात नाही. अजून म्हणतो. सामना 2-1 सुटला, म्हणजे तो हात मोजायलाच हवा.

आणि दुसरं भांडण, 3 मार्च 2023 चं. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीगची मॅच, कंठीरवा मैदानावर बंगळुरू आणि केरळ ब्लास्टर्स, जादा वेळ, केरळवाले भिंत लावतायत, गोली पुढे येऊन माणसं उभी करतोय, आणि बंगळुरूच्या छेत्रीनं फ्री किक मारून टाकली. गोल. केरळचा कोच वुकोमानोविचनं टीमच बाहेर काढली. तू म्हणालास, मर्दासारखं केलं. मी म्हणालो, फ्री किक मिळालेल्यानं भिंत मागे घ्या म्हणून मागणी केली नाही आणि पंचानं शिटीसाठी थांबवलं नाही, तर ती चटकन मारता येते, नियमातच आहे. भारतीय फुटबॉल महासंघानं ब्लास्टर्सना 4 कोटींचा दंड केला, वुकोमानोविचवर दहा सामन्यांची बंदी घातली, तेव्हा मी तुला फोन करून वाचून दाखवलं आणि तू फोन आपटलास. पुढे गणपतीत आरतीलासुद्धा माझ्या शेजारी उभा राहिला नाहीस. लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथी सीट मागणारा माणूस तू, आणि छेत्रीला नियम शिकवणार!

मी आजही छेत्रीच्याच बाजूनं आहे, ते सोड. मला म्हणायचंय ते वेगळंच. या दोन्ही भांडणांत तू आणि मी एकच गोष्ट पाहिली होती. हात दिसला होता. भिंत लागायची होती ती दिसली होती. पंचाला दिसलं नाही किंवा त्यानं दिलं, त्यावर आपण आयुष्यभर भांडू शकतो, कारण जे झालं ते मैदानात झालं. शिल्टनला निदान कोणाच्या अंगावर धावून जायचं ते ठाऊक होतं. कागदाचं काय करायचं? कागद आधीच जिंकून आलेला असतो. मैदानात फक्त सामना होतो.

यंदा गोव्याच्या चर्चिल ब्रदर्स क्लबचं काय झालं बघितलंस ना. आय-लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या खालच्या पायरीच्या लीगच्या तक्त्यात ते 40 गुणांवर, इंटर काशी हा क्लब 39 वर. एप्रिलमध्ये चर्चिल विजेते म्हणून जाहीर, मडगावपासून आपल्या बाजारापर्यंत पेढे. आणि खरी लढत चालली होती फायलींत. नामधारी क्लबनं काशीविरुद्ध बंदी असलेला खेळाडू उतरवला होता का, काशीनं आपला स्पॅनिश खेळाडू पुन्हा नोंदवला तो नियमात बसतो का. जुलैमध्ये स्वित्झर्लंडातल्या क्रीडा लवादानं काशीला विजेते ठरवलं. निकाल चुकला असं मी म्हणत नाही. चर्चिलवर माझा जीव आहे म्हणून लवाद खोटा होत नाही. पण त्या आपल्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं मला विचारलं, "मगे जिकलो कोण?" आणि मला त्याला एका वाक्यात सांगता येईना. पूर्ण हंगाम खेळून झाल्यावर ही पाळी.

पांड्याला मी हे सांगितलं तर तो इंग्लंडच्या मँचेस्टर सिटी क्लबवर आला. येणारच. तिथल्या प्रीमियर लीगनं फेब्रुवारी 2023 मध्ये सिटीवर शंभराहून जास्त आरोप ठेवले, सगळे हिशेबाचे आणि कागदांचे. क्लब म्हणतो, आम्ही काही केलेलं नाही. सुनावणी गेल्या डिसेंबरात संपली, निकाल अजून नाही. पांड्याचं म्हणणं, सिद्ध झाल्याशिवाय चोर म्हणायचं नाही. मान्य आहे. मीही म्हणत नाही. पण त्याच लीगमधल्या एव्हर्टन क्लबचे हिशेबावरूनच 10 गुण त्याच वर्षी नोव्हेंबरात कापले, अपिलात 6 केले, सगळं एका हंगामात उरकलं. त्यांनी बरंचसं कबूल केलं होतं, प्रकरण छोटं होतं, हेही खरं. तरी लोकांच्या डोक्यात जे बसायचं ते बसलंच: कबूल करणारा लवकर मरतो. आपल्या कमिटीच्या डोक्यात नेमकं तेच बसलंय, बाबी. मला राग पांड्याचा नाही, याचा आहे.

त्या तीन पोरांवरही माझा राग नाही. मॅचमागे त्यांना पैसे मिळतात, पायात कला आहे, पोट आहे. आणि पांड्याचा एक मुद्दा खोटा नाही, की त्यांच्याबरोबर खेळून आपली पोरं चार गोष्टी शिकतील. मलाही पटतं ते. आपण दोघं कोणाकडून शिकलो? म्हापशाहून येणाऱ्या त्या डावखुऱ्या सरांकडूनच ना.

पण आता बारक्याचं ऐक. रापणीवर जातो तो, आपल्या तातूचा नातू. डाव्या बाजूला त्याच्यासारखा पळणारा या किनाऱ्यावर मी बऱ्याच वर्षांत बघितला नाही. यादीत नाव शेवटी, राखीव. त्याला कुठूनतरी कळलं. काल पहाटे रापण ओढून तसाच ओला माझ्याकडे आला. रडला नाही, भांडला नाही. मन लावून विचारलंन, "काका, मगे मी गोयचा आधारकार्ड करू? मगे तरी माका खेळवतले?"

त्याला मी चहा दिला. उत्तर काय देणार होतो? कालपासून दुसरं काही सुचत नाही. हिनं दोनदा विचारलं काय झालं, तिला सांगितलं पाऊस.

अण्णांची ती वही काढली. नियम त्यांच्याच अक्षरात, निळ्या शाईत: खेळाडू पंचायतीच्या हद्दीत राहणारा हवा. कागदाचं नावही नाही त्यात. कारण अण्णांना कोण कुठे राहतो ते ठाऊक होतं. तसे दिवस आता नाहीत, निम्मं गाव डोंबिवलीत आणि मस्कतला आहे, हे मला कळतं. म्हणून मी अण्णांचा नियम देव्हाऱ्यात ठेवा असं म्हणत नाही. मी म्हणतो, बदला, पण उघड बदला. आयएसएलमध्ये नाही का, परदेशी खेळाडू एका वेळी मैदानात चारच? तसं आपण लिहू: प्रत्येक टीमला बाहेरचे दोन. नावं फळ्यावर, गावासकट. पेडण्याचा पोरगा पेडण्याचाच म्हणून खेळेल, त्याला खोटा पत्ता पाठ करायला नको. उरलेले नऊ आपल्या पंचायतीचे. बारका डावीकडे.

कमिटीची मीटिंग तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी, 9 तारखेला आहे. मी हे मांडणार. पांड्या म्हणणार, अण्णांचा नियम बदलणारा तू कोण? आणि तेव्हा मला तू हवा आहेस. ढाल तुझ्या वडिलांच्या नावाची. तुला नियम बदलणं मान्य असेल तर तसं लिही, नसेल तर तसंही लिही, मी तेच वाचून दाखवीन. तू नाही म्हणालास तर मी आहे त्या नियमावर उभा राहीन, पण त्या यादीवर सही करणार नाही. मग त्यांनी दुसरा सेक्रेटरी बघावा.

तुझ्या धाकटीची दहावी ना यंदा? तिला म्हणावं भूमितीला घाबरू नको, बापावर गेली नसेल तर निघेल. वहिनीच्या मानेचं काय झालं? नोकरीचं तू काहीच कळवत नाहीस, ती कंपनी बदललीस की नाही? सोलं आणि कोकमं शेजारच्या पोराबरोबर पाठवतोय, तो शुक्रवारी निघेल. त्याच्याच हाती उत्तर पाठव, तो मंगळवारी परत येतोय. मेसेज करू नकोस, तुझ्या अक्षरात लिही आणि खाली सही कर. मोबाइलवरचं मीच टाईप केलंय म्हणतील.

तुझा,
सुहास